रिटायर झालेल्या शास्त्रज्ञाला रिसर्चसाठी ग्रँट मिळते का? मिळते, पण आधी एक पत्ता लागतो

महाराष्ट्रात कॉलेजचे प्राध्यापक ६० व्या वर्षी रिटायर होतात. बीएआरसीतले शास्त्रज्ञही ६० व्या वर्षी. आयआयटीवाले ६५ पर्यंत जातात. निरोप समारंभाची शाल घेऊन माणूस घरी येतो आणि दोन-चार दिवसांत त्याच्या लक्षात येतं की लॅबची चावी गेली, लायब्ररी गेली आणि कॉलेजचा ईमेलही बंद झालाय. अर्धवट राहिलेलं काम तेवढं सोबत आलंय.

समजा, गोरेगावात तुमच्याच सोसायटीत असे एक सर राहतात. आयुष्यभर झूऑलॉजी शिकवलं. आरेतल्या कोळ्यांच्या (जाळं विणणाऱ्या, जाळं टाकणाऱ्या नव्हे) वीस वर्षांच्या नोंदी त्यांच्या वह्यांमध्ये आहेत. त्या वह्या नीट लावायच्या, त्याच जागी पुन्हा एक पावसाळा फिरायचं आणि तेव्हा काय होतं, आता काय उरलंय हे छापायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात आहे. खर्च दोन-तीन लाख. पेन्शनमधून करायला जीव होत नाही आणि मुलाकडे मागायला मन होत नाही.

आरेचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. 'लायकस आरेयेन्सिस' नावाचा विंचू २०१० मध्ये याच आरे दूध वसाहतीतून नवी प्रजाती म्हणून जगासमोर आला. मुंबई महानगरात, लोकलच्या स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर. २०२१ मध्ये इथली ८१२ एकर जागा राखीव वन झाली. मधल्या काळात रस्ते, मेट्रो, बांधकामं सगळं झालं. वीस वर्षांपूर्वी कुठल्या झाडाखाली काय सापडायचं याची नोंद आता कितीही पैसे दिले तरी नव्याने करता येणार नाही. ती फक्त वह्यांमध्ये आहे. म्हणून सरांना ग्रँट मिळणं हा त्यांच्या हौसेपुरता प्रश्न नाही.

पैसे माणसाला नाही, संस्थेला मिळतात

सरकारी रिसर्च ग्रँटचं मुख्य गणित हेच आहे. अर्ज शास्त्रज्ञाच्या नावाने होतो, पण पैसे सहसा संस्थेच्या खात्यात जमा होतात. हिशेब संस्था ठेवते. वर्षाच्या शेवटी 'युटिलायझेशन सर्टिफिकेट' म्हणजे पैसे कुठे खर्च झाले याचा दाखला संस्थेच्या सहीने जातो. जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ मध्ये त्यासाठी १२-ए नावाचा फॉर्मच ठरवून दिलेला आहे. उरलेले पैसे आणि खात्यात पडून मिळालेलं व्याजसुद्धा परत करावं लागतं.

आता सरांकडे संस्था नाही, फक्त घरचा पत्ता आहे. अर्ज बहुतेक वेळा इथेच अडतो, वयाची अट तर नंतर येते. त्यामुळे पहिलं काम फॉर्म शोधणं नाही, तर यजमान संस्था शोधणं. म्हणजे असं कॉलेज, विद्यापीठ किंवा संशोधन संस्था, जी लेखी देईल की यांना बसायला जागा देऊ, उपकरणं वापरू देऊ आणि हिशेबाची जबाबदारी घेऊ.

जुनं कॉलेज हा सगळ्यात सोपा पर्याय वाटतो, पण नेहमी तो असतोच असं नाही. प्रिन्सिपल बदललेले असतात, अकाउंट्समधल्या माणसाला जास्तीचं काम नको असतं. अशा वेळी थेट प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाण्यापेक्षा डिपार्टमेंटमधल्या एखाद्या तरुण प्राध्यापकाला सहसंशोधक म्हणून सोबत घेतलेलं बरं. त्यांच्या नावावर प्रोजेक्ट लागतो, सरांना संस्था मिळते. शिवाय पैसे देणाऱ्याच्या मनात एक प्रश्न असतो, जो तो तोंडावर विचारत नाही: यांची तब्येत बिघडली तर काम कोण पूर्ण करणार? सहसंशोधकाचं नाव हे त्याचं उत्तर असतं.

स्वयंसेवी संस्थाही यजमान होऊ शकते. त्यासाठी तिची नीती आयोगाच्या 'दर्पण' पोर्टलवर नोंदणी आणि शक्यतो केंद्राच्या डीएसआयआर विभागाची संशोधन संस्था म्हणून मान्यता आहे का, ते आधी विचारा.

इथे कमला सोहोनींची आठवण येते. केंब्रिजची पीएचडी असलेल्या या बायोकेमिस्ट १९६९ मध्ये मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक म्हणून निवृत्त झाल्या. मग कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकांच्या संस्थेत काम केलं, १९८२-८३ मध्ये अध्यक्ष झाल्या आणि संस्थेच्या 'कीमत' मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. लॅब गेली तरी काम करायला संस्था होती.

मग योजना कुठल्या?

सीएसआयआर, आयसीएमआर आणि आयसीएआर यांच्या 'एमेरिटस' योजना आहेत, अणुऊर्जा विभागाची राजा रामण्णा फेलोशिप आहे. विषय समाजशास्त्रांचा असेल तर आयसीएसएसआरची सीनियर फेलोशिप, तिथे वयाची मर्यादा ७० पर्यंत जाते. सगळीकडे संस्थेचं पत्र लागतं.

प्राध्यापकांसाठी सगळ्यात जास्त चर्चा होते ती यूजीसीच्या योजनेची. ५ सप्टेंबर २०२२ ला, शिक्षक दिनाचा मुहूर्त साधून ती जाहीर झाली. जागा १००. महिन्याला ५० हजार रुपये, वर्षाला आणखी ५० हजार किरकोळ खर्चाला, मुदत तीन वर्षं, वय ६७ पर्यंत. ऐकायला मस्त. पण अट वाचा: किमान १० पूर्णवेळ पीएचडी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलेलं हवं आणि बाहेरून निधी मिळालेले तीन प्रोजेक्ट सांभाळलेले हवेत. अकरावी-बारावी आणि बीएस्सीची लेक्चर्स घेण्यात ज्यांची तीस वर्षं गेली, त्या उपनगरातल्या कॉलेजच्या सरांना हे जमणार कसं? ज्यांना आधी भरपूर मिळालं त्यांनाच पुढे मिळावं, असा या अटीचा अर्थ होतो. माझ्या मते १०० पैकी निदान काही जागा तरी पदवी कॉलेजांसाठी वेगळ्या ठेवायला हव्या होत्या.

परदेशी फंड: सोपा फॉर्म, अवघड पैसा

निसर्गाशी संबंधित काम असेल तर इंग्लंडची रफर्ड फाउंडेशन आणि अबुधाबीचा मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कन्झर्व्हेशन फंड ही दोन नावं लक्षात ठेवा. दुसऱ्या फंडाची कमाल मर्यादा २५ हजार डॉलर आहे. फॉर्म ऑनलाइन आणि छोटे. पीएचडी किती घडवल्या यापेक्षा काम काय करणार, याकडे जास्त लक्ष.

गाडी अडते ती पैसे भारतात येताना. परकीय योगदान नियमन कायदा २०१० नुसार अशा कामासाठी परदेशातून पैसे घ्यायला नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पूर्वी एक नोंदणीकृत संस्था पैसे घेऊन दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला पुढे देऊ शकायची. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केलं आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत, असं ठरलं. त्यामुळे ज्या संस्थेकडे ही नोंदणी आहे तीच अर्जात थेट असायला हवी. 'मंजूर झाल्यावर बघू' असं करू नका, अर्जाआधी सीएला भेटा.

बजेटमध्ये काय लिहायचं?

छोट्या ग्रँटचं बजेट बिघडतं ते माणूस ठेवण्यात. ज्युनियर रिसर्च फेलोचा केंद्राचा दर महिना ३७ हजार आहे. वर्षाचे झाले ४ लाख ४४ हजार, घरभाडं वेगळं. पाच लाखांच्या ग्रँटमध्ये हा एक माणूस ठेवला की मायक्रोस्कोपचा बल्ब घ्यायलाही पैसे उरत नाहीत. त्यापेक्षा पावसाळ्याचे चार महिने एखादा विद्यार्थी, रिक्षाभाडं, नमुन्यांच्या बाटल्या, बाहेरच्या लॅबमधली डीएनए तपासणी, एवढंच मागा. स्वतःचं मानधन शून्य ठेवलं तर अर्ज आणखी जड होतो.

सलीम अलींनी हेच केलं होतं. १९३० च्या दशकात हातात नोकरी नसताना त्यांनी संस्थानांपुढे प्रस्ताव ठेवला: पक्ष्यांची पाहणी मी करतो, मेहनताना नको, मोहिमेचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानाची पाहणी अशीच झाली. ते तेव्हा पस्तिशीतले होते, पण अर्ज पेन्शनवाल्याला शोभेल असाच होता.

घरातल्या तरुणांसाठीही यात काम आहे. पोर्टलवर लॉगिन, ओटीपी, ठरावीक एमबीची पीडीएफ हे तुम्हीच करणार आहात. सर अजून नोकरीत असतील तर आजच त्यांचा ऑर्किड आयडी काढून द्या, फुकट असतो, आणि त्याला जीमेल जोडा. नाहीतर जुन्या पेपरवरचा कॉलेजचा ईमेल बंद पडतो आणि कोणी संपर्कच करू शकत नाही. जर्नल वाचण्याचंही तसंच. १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सुमारे १३ हजार जर्नल्स खुली झाली, पण सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांपुरतीच. घरी बसलेल्या सरांना नाहीत. यजमान संस्था सरकारी असेल आणि तिने लॉगिन दिलं, तर हेही सुटतं.

आणि कॅलेंडर बघा. सरांना कोळी शोधायचेत जून ते ऑक्टोबरमध्ये. नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायचं असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती हातात नसताना ग्रँट नोव्हेंबरात आली, तर पाऊस संपलेला असतो आणि ३१ मार्चला हिशेब द्यायचा असतो. म्हणून यजमान संस्थेचं पत्र आणि वन विभागाचा अर्ज, दोन्ही दिवाळीच्या आसपास सुरू करा. पुढचा पावसाळा तरी हाताशी राहील.