पॉझिटिव्ह किती, यावरून साथ मोजता येत नाही

पिंपळीत कुणाला ताप-खोकला झाला तर माणूस बारामतीला जाऊन औषध घेतो, अंगावर काढतो, चार दिवसांनी रानात जातो. नाका-घशाचा स्वॅब सहसा कुणी घेत नाही. मग तालुक्याच्या यादीत 'पॉझिटिव्ह पाच' दिसतात आणि गाव म्हणतं, पाचच रुग्ण आहेत. हा सगळ्यात मोठा गैरसमज. यादीत फक्त तपासणी झालेले येतात.

मे-जून २०२० मध्ये आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) देशातल्या ७० जिल्ह्यांत रक्ताचे नमुने घेऊन कोविडची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधली. त्यात आपल्याकडचे बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव होते. हिशेब निघाला तो असा : नोंदलेल्या एका कोविड रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग होऊन गेला होता.

मग दवाखान्यातल्या नोंदी निरुपयोगी? नाही, पण त्यांना जोड लागते. शिरूर तालुक्यातल्या वढूला केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. २००९च्या स्वाइन फ्लूपासून तिथे पुण्याच्या एनआयव्हीच्या (राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या) मदतीने फ्लू मोजण्याचं काम नीट झालं. श्वसनाच्या त्रासाने दाखल झालेल्यांचे स्वॅब तपासले. शिवाय घरोघरी जाऊन विचारलं, 'घरातलं कुणी दाखल झालं होतं का? कुठल्या दवाखान्यात?' परिसराबाहेरच्या दवाखान्यात गेलेले त्यामुळे हिशेबात आले. गावांची लोकसंख्या आधीपासून नोंदलेली असल्याने भागायला नेमकी संख्याही हाताशी होती. छेद माहीत नसेल, तर दवाखान्यातल्या गर्दीवरून प्रमाण काढता येत नाही.

उलट बाजूची चूकही होते. २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात १,६६४ जणांची रक्ततपासणी झाली, ५१.५ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं सापडली. 'निम्म्या पुण्याला होऊन गेला' अशी चर्चा झाली. पण नमुने जास्त रुग्ण असलेल्या पाच प्रभागांतले होते. तिथेही लोहियानगर-कासेवाडीत ६५ टक्के आणि कसबा-सोमवार पेठेत ३६. ही सरासरी सगळ्या शहराला लावणं चूक, बारामती-इंदापूरला लावणं तर फारच चूक.

कधी मोजता, यानेही आकडा बदलतो. फ्लू फक्त थंडीतला नव्हे. आपल्या भागात तो पावसाळ्यात चढतो. नुसत्या डिसेंबरात मोजलं तर तो कमीच दिसेल.

सर्वेक्षणाला ताई दारात आल्या की 'आमच्याकडे कुणी आजारी नाही' म्हणून त्यांना परत पाठवू नका. ते उत्तरही त्यांना लिहून घ्यायचं असतं. निरोगी घरं गळली, तर आकडा फुगतो.