चीक हाटायला दोघं लागतात

कुरडयांचा गहू भिजत घालायचा की नाही, हे या फाल्गुनात आमच्या घरी बरेच दिवस ठरत नव्हतं. आई श्रावणात गेली. दिवाळीत कढई चढली नाही. फराळाचे डबे शेजारणींनी आणून दिले. संक्रांतही तशीच गेली. पण आमच्या खानदेशात अक्षय्य तृतीया, म्हणजे आखाजी, हा पितरांचा दिवस. गेलेल्यांच्या नावाने घागर भरायची, पुरणपोळी, आमरस, कुरडईचा नैवेद्य दाखवायचा. यंदा त्यात आईचं नाव येणार होतं. "आईंच्या पानात विकतची कुरडई वाढू का मी?" असं म्हणून वहिनीने पाच किलो गहू निवडायलाच घेतला.

हे काम घाईचं नाही. गहू तीन दिवस भिजतो. रोज सकाळी पाणी बदलायचं, नाहीतर वास उग्र होतो. बदललं तरी तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास पसरतोच. दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. बाबांनी स्वयंपाकघरात कधी लक्ष घातलेलं मला आठवत नाही. यंदा मात्र ते मागच्या पडवीत आले, पातेल्यावर वाकले आणि म्हणाले, "झालाय. वाटा उद्या." इतकी वर्षं तो वास त्यांनाही पाठ होता तर.

वाटून, धुऊन, फडक्यातून गाळलं की चोथा गाईपुढे जातो आणि पांढरं पाणी रात्रभर झाकून ठेवतात. सकाळपर्यंत चीक तळाशी बसतो. वरची पिवळसर निवळ भांडं न हलवता ओतून टाकायची.

खरी परीक्षा चुलीवर. आईचं माप साधं होतं: जितका चीक तितकंच पाणी, आणि तेही त्याच भांड्याने मोजलेलं. पाण्यात मीठ, पापडखार, हिंग. आधणाला उकळी फुटली की एकाने बारीक धारेने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने न थांबता हाटायचं. हात क्षणभर थांबला की गुठळी झालीच. एकट्या माणसाला हे जमत नाही. लग्न होऊन आल्यापासून वहिनी ओतायची आणि आई हाटायची. यंदा धार धरून ती उभी राहिली आणि दांडा दादाने उचलला. त्याच्या कपाळावर घाम आला, पातेलं हललं, तसं वहिनी बोलून गेली, "आई असत्या तर म्हणाल्या असत्या, पातेल्यात बघ, माझ्या तोंडाकडे नको." दादा हसला. मग आईच्या आणखी गोष्टी निघाल्या. ती मीठ कधी चाखायची नाही, नुसतं पाणी बोटाने पाहायची. पहिला वाफाळता चीक तूप-गूळ घालून पोरांना द्यायची.

भेटायला येणारी माणसं समोर बसून विचारायची, तेव्हा यातलं काहीच बोलता आलं नव्हतं. मला वाटतं, सांत्वनात माणसाला सतत कोणाच्या तरी डोळ्यांत पाहावं लागतं. चुलीपाशी सगळ्यांचे डोळे पातेल्यात. कोणी मध्येच गप्प झालं तरी कोणी विचारत नाही, कारण हाटणं चालूच असतं. तेवढ्यात पांढरा चीक चकचकीत, जवळजवळ पारदर्शक झाला. ओलं बोट लावून पाहिलं, चिकटलं नाही. शिजला.

चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो, गार झाला की दाबताना हात भरून येतात. शेजारच्या दोघी आपापला सोऱ्या घेऊन न बोलावता गच्चीवर आल्या. धुतलेल्या धोतरावर ऊन चढायच्या आत कुरडया पडल्या. राखणीला बाबा बसले, मांडीवर काठी. दहाव्याला ज्या कावळ्यांची आम्ही हात जोडून वाट पाहिली होती, तेच कठड्यावर जमले. बाबांनी काठी उचलली नाही. कडेची एक कुरडई मोडून त्यांनी कठड्यावर ठेवली आणि मग बाकीच्यांना हुसकावलं.

दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात कुरडया खडखडीत वाळल्या. वहिनीने आखाजीसाठीच्या आधी वेगळ्या काढून ठेवल्या, मग एक तळून पाहिली. छान फुलली, पण तिचं समाधान झालं नाही. "पापडखार किंचित जास्त झालाय," ती दादाला म्हणाली. "पुढच्या वर्षी कमी घालू. आणि गहू सात किलो भिजवू, शेजारच्या काकूंनाही हव्यात."