पैनगंगेच्या अलीकडचं महागाव

होस्टेलवर महागाव म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: विदर्भ की मराठवाडा? विदर्भ! पण हे नीट समजायला आधी नदी बघावी लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांपैकी महागाव हा दक्षिणेकडचा. पूस नदी आमच्या बाजूने येऊन पैनगंगेला मिळते आणि पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्हा. ही एके काळची बॉर्डरच. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं, पलीकडे मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामच राहिला. म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ ला अलीकडे स्वातंत्र्य, पलीकडे नाही! आज गंमत उलटी आहे. आमचे कलेक्टर यवतमाळला बसतात, पण खासदार हिंगोलीचे, कारण उमरखेड विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभेत येतो.

पोटापाण्याचं म्हणाल तर काळी माती, कापूस आणि सोयाबीन. पाणी असेल तिथे ऊस, त्यासाठी गुंजला साखर कारखाना. बाकी सगळं पावसाच्या भरवशावर. बियाणं-खत उधारीवर आणायचं आणि भाव दुसऱ्याने ठरवायचा. याच तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. कर्ज आणि थकलेलं वीजबिल ही कारणं सांगितली जातात. २०१७ पासून दर १९ मार्चला अनेक लोक त्यांच्या आठवणीत उपवास करतात.

आपण उद्या पंप, वीज, ठिबक यांवरच काम करणार आहोत. डिझाइन करताना कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडेल का, हा प्रश्न आधी विचारूया.