जामीन त्यांना, घरकैद आम्हाला?

नोव्हेंबर लागला की आमच्या गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी चालू असते आणि त्याच धांदलीत ६ डिसेंबरची तयारीही सुरू होते. विदर्भ एक्स्प्रेस आमच्याच स्टेशनातून सुटते. ज्यांना आरक्षण मिळाले ते तिने जातात, बाकीचे नागपूर गाठून विशेष गाडीत मिळेल तिथे बसतात. साडेनऊशे किलोमीटरच्या वरचा प्रवास, पण वर्षभर मजुरी करणारी आमची माणसे तो न चुकता करतात.

अशाच एका नोव्हेंबरात सडक अर्जुनी तालुक्यातील एक उपासिका आमच्या कार्यालयात आल्या. त्यांच्या नवऱ्याला एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्यावरून मारहाण झाली होती. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, फिर्यादी त्या स्वतः. आरोपींना जामीन मिळून ते गावात परतले होते आणि चौकातल्या पानठेल्यावर रोज बसू लागले होते. कोणी काही बोलत नव्हते, फक्त बाई तिथून जाऊ लागल्या की बोलणे थांबायचे. त्यांची मुलगी अकरावीला. गावातून सायकलने डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून एसटीने कॉलेजला. दिराने आणि समाजाच्या दोन वडीलधाऱ्यांनी बसून निर्णय दिला की यंदा चैत्यभूमीला जाणे रद्द, पोरीने महिनाभर घरी राहावे आणि बाजाराला बाईंनी एकटीने जाऊ नये. बाईंनी आम्हाला विचारले, "साहेब, तुम्ही कायदा शिकले. जाऊ का नोको, ते सांगा."

प्रश्न साधा होता, पण वीस वर्षे काळा कोट घालूनही आम्हाला एका दमात उत्तर देता आले नाही.

दिराच्या मनात दुसरीही एक भीती होती. मुंबईत काय होईल याचा नेम नाही, असे ते म्हणत. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला तो लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या गोरगरीब प्रवाशांवर. त्या एका स्टेशनात पन्नासहून अधिक माणसे गेली. त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी ६ डिसेंबर होता. १३ जुलै २०११ ला तर स्फोट थेट दादरला, कबुतरखान्याजवळ झाला. चैत्यभूमीला जाणाऱ्यांना तो भाग परका नाही. दोन्ही वर्षी आमची माणसे चैत्यभूमीला गेली. त्यांना मरणाची भीती नव्हती असे कोणी म्हणत असेल तर ते भाषणातले वाक्य समजावे. भीती होतीच. पण बॉम्ब ठेवणाऱ्याला तुमचे नाव, गाव, निघण्याची वेळ ठाऊक नसते. लाखांच्या गर्दीत तो नेमका आपल्यावर येण्याची शक्यता फार थोडी, आणि तेवढ्यासाठी वर्षातला एक दिवस सोडून देणे माणसाला पटत नाही. पोरांचा हात धरावा, बेवारस पिशवीला हात लावू नये, गर्दी दाबू लागली तर कडेला व्हावे. इतकी खबरदारी पुरे.

आमच्या जिल्ह्याला भीतीची सवयही आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या पूर्वेकडच्या तालुक्यांनी नक्षलवादाची वर्षे काढली. बंदची हाक आली की जंगलपट्टीतल्या माणसाला प्रवासाचा विचार दोनदा करावा लागे. त्याच काळात माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड बांधव कितीतरी राज्यांतून येतच राहिले. एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला बंदोबस्त, मधून बायाबापड्या पोरे कडेवर घेऊन गुहेकडे चढत. ते कोणाचे आव्हान स्वीकारून जात नव्हते. त्यांची जत्रा होती म्हणून जात होते.

पानठेल्यावरची भीती मात्र या जातीची नाही. तिथे बसलेल्याला बाईंचे नाव ठाऊक आहे, पोरीच्या सायकलचा रंग ठाऊक आहे, एसटी किती वाजता येते तेही ठाऊक आहे. ही भीती शक्यतेच्या हिशेबाने मोजता येत नाही. म्हणून 'घाबरू नका, जयभीम म्हणा आणि निघा' असे व्यासपीठावरून सांगणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांचा आम्हाला राग येतो. सांगणारा रात्री शहरातल्या आपल्या घरी झोपतो. गावात राहायचे असते ते त्या बाईला.

मग घरात बसणे सुरक्षित आहे का? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला शेजारच्या मोहाडी तालुक्यानेच दिले आहे. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला, तोवर आपण आणि ते एकाच भंडारा जिल्ह्याचे. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना मारले, तेव्हा ते चौघे कुठल्या मोर्चात नव्हते, मिरवणुकीत नव्हते, परक्या वस्तीत नव्हते. संध्याकाळची वेळ, आणि ते आपल्या घरी होते. घराबाहेर असलेले भैयालाल वाचले आणि पुढे जानेवारी २०१७ मध्ये मरेपर्यंत न्यायाच्या मागे फिरत राहिले. सुरेखाताईंचा गुन्हा काय, तर सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीत त्यांनी साक्ष दिली होती. त्या प्रकरणातल्या आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी जमाव दारात आला. जामिनाचा दिवस हाच धोक्याचा दिवस, हे ओळखायला कोणी ज्योतिषी लागत नव्हता. पोलिसांनी ते ओळखले नाही, की ओळखूनही बसून राहिले, हे वाचकांनी ठरवावे. २००८ मध्ये भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशी कमी करून पंचवीस वर्षांची सक्तमजुरी केली, आणि अॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागला नाही. पण आज मुद्दा शिक्षेचा नाही. चार भिंतींनी त्या माऊलीला वाचवले नाही, हा मुद्दा आहे.

येथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कुटुंबाला आम्हीच सल्ला दिला होता की, तारीख होईपर्यंत पोरीला चार दिवस घरी ठेवा. सल्ला चांगल्या हेतूने दिला होता. तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. चार दिवसांचे चार महिने झाले, परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या पोरीचे लग्न उरकले. खटल्यात आमचे काम चांगले झाले असे लोक म्हणतात. ती पोरगी मात्र एकदा बाजारात भेटली तेव्हा आम्हाला 'जयभीम साहेब' म्हणाली आणि पुढे निघून गेली. त्या घरातला तिचा भाऊ सगळे दिवस मोटारसायकलवर हिंडत होता, त्याला कोणी घरी बसायला सांगितले नव्हते. आम्हीही नाही. खबरदारी घ्यायची म्हटले की आपल्या समाजातही ती पोरीच्याच अंगावर टाकली जाते, हे आम्ही तेव्हा पाहिले नाही.

म्हणून या बाईंना उत्तर देण्याआधी आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले आणि त्यांनाच वाचून दाखवले. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ मध्ये जे गुन्हे घातले त्यात सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, सार्वजनिक जागी पायात चप्पल-जोडा किंवा अंगावर नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास अडथळा आणणे असे शब्दशः लिहिलेले आहे. संसदेने सायकलीचे नाव घ्यावे म्हणजे या देशात सायकलीवरून काय काय घडले असेल! बाई ऐकत होत्या. "सायकल लिवली आहे का खरंच?" असे त्यांनी दोनदा विचारले.

त्याच दुरुस्तीने कलम १५-अ आले. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहखर्च आणि जामिनाच्या सुनावणीची आगाऊ सूचना हा त्यांचा हक्क झाला. ही सूचना देणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्पष्ट केले. बाईंना सूचना मिळाली होती का? नाही. जामीन झाल्याचे त्यांना पानठेला भरलेला पाहून कळले. आता पाहा, ज्याच्यापासून भीती आहे त्याने गावात येऊ नये, साक्षीदाराच्या वाटेला जाऊ नये, अशी अट न्यायालय जामिनात घालू शकते, आणि अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. म्हणजे कोणाचे हिंडणे-फिरणे बंद करायचे असेल तर कायद्याने ते आरोपीचे करता येते. गावाने मात्र ते फिर्यादीचे केले, आणि आपल्याच वडीलधाऱ्यांनी काळजीपोटी त्यावर शिक्का मारला.

कोणी म्हणेल, वकील लोकांना अर्जच दिसतात. तसे नाही. बाबासाहेबांनीही कधी काही पुढे ढकलले नाही असे नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर महाडच्या गल्ल्यांत आमच्या माणसांना गाठून मारले, मंडपात जेवायला बसलेल्यांनाही सोडले नाही. चिडलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरले. डिसेंबरमध्ये पुन्हा हजारो लोक महाडला जमले, मनुस्मृती जाळली, पण न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता म्हणून तळ्यावरचा सत्याग्रह त्यांनी थांबवला. लोकांची मने खट्टू झाली असणारच. पण ते घरी जाऊन बसले नाहीत, दावा लढवला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयातून तो जिंकला. थांबायचे कोणी ठरवले, कशासाठी, आणि थांबल्यावर हातात कोणते काम घेतले, हे तिथे स्पष्ट होते. आमच्या त्या दुसऱ्या पोरीच्या बाबतीत यातले काहीच नव्हते.

अमेरिकेत माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस शहरबसमध्ये पाय ठेवला नाही. रोजचे जाणे-येणे त्यांनीही बदलले. पण ते त्यांनी सभेत ठरवून बदलले, एकमेकांना गाड्यांतून नेले, मैलोन् मैल चालले, आणि कामावर जाणे सोडले नाही. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर बॉम्ब पडला तो रस्त्यात नव्हे, त्यांच्या घरावर.

१ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या. आता हे लोक येणार नाहीत असा काहींचा हिशेब असेल. पुढच्या १ जानेवारीला लाखोंनी लोक आले, आणि त्या वेळी बंदोबस्तही मोठा होता. आमच्या मते २०१९ च्या गर्दीइतकेच महत्त्व त्या बंदोबस्ताला आहे. जो बंदोबस्त हजारो पोलिसांचा होऊ शकतो तो एका गावात एका शिपायाचा का होऊ नये, हे विचारायला मात्र मोर्चा निघत नाही.

शेवटी आम्ही बाईंना 'जा' असेही म्हटले नाही आणि 'जाऊ नका' असेही नाही. दोन अर्ज केले. एक विशेष न्यायालयात, संरक्षणासाठी आणि जामिनाच्या अटी कडक करण्यासाठी. दुसरा पोलीस ठाण्यात, आवक क्रमांक घेऊन. बाकीचे बाईंनी ठरवले. पोरगी कॉलेजला जाईल, पण शेताच्या कडेच्या पायवाटेने नाही, मोठ्या रस्त्याने, दोन मैत्रिणींबरोबर. त्यासाठी घरून वीस मिनिटे आधी निघावे लागते, आणि पोरीला ते मुळीच आवडले नाही. बाजार सोडायचा नाही, अंधार पडायच्या आत परतायचे. ही सवय साक्ष होईपर्यंतच, हे त्यांनी दिराला तारीख धरून सांगितले. दीर महिनाभर बोलत नव्हते.

चैत्यभूमीला त्या गेल्या, विदर्भ एक्स्प्रेसने, पोरीला घेऊन. परतीच्या गाडीतून त्यांचा फोन आला. गर्दीत पोरीची एक चप्पल हरवली होती, हे त्यांनी आधी सांगितले. मग विचारले, "साहेब, आपल्या अर्जाची तारीख नऊ आहे का दहा?"