हाडात पू धरतो तेव्हा

रेवदंड्याच्या वाडीत अनवाणी काम करताना पायात खिळा शिरणे, होडीवर माशाचा काटा रुतणे, यात नवे काही नाही. हळद लावायची, फडके बांधायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. पुष्कळांचे तेवढ्यावर भागते. परंतु मधुमेही माणसाच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. जखम दुखत नाही म्हणून ती बरी झाली असे त्यास वाटते, आणि जंतू आत हाडापर्यंत पोचतात. (मधुमेहाने पूज्य बाबासाहेबांनाही छळले होते.) अपघातात हाड मोडून बाहेर आले किंवा सळई बसवावी लागली, तरी हाच धोका संभवतो. या विकारास अस्थिमज्जाशोथ म्हणतात.

तो चिवट का? पू साचला की हाडाच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो व तुकडा मरतो. औषध रक्तातून जाते. जेथे रक्तच पोचत नाही तेथे औषध कसे पोचणार? म्हणून जुनाट रोगात मेलेले हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते. नुसत्या गोळ्यांनी वाहते छिद्र बुजले तरी बहुधा पुन्हा फुटते.

पहिले दहा-पंधरा दिवस एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. एमआरआयमध्ये लवकर कळते. रुग्ण अत्यवस्थ नसेल तर औषधाआधी हाडाचाच नमुना तपासावा, वरचा पू पुष्कळदा फसवतो. क्षयाचे जंतूही हाडात, विशेषतः मणक्यात, शिरतात. त्याचे औषध निराळे आणि सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते.

औषध साधारण सहा आठवडे चालते, आणि येथेच आपली माणसे हरतात. ताप उतरतो, ठणका थांबतो, रोजावर जाणारा गोळ्या सोडतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? सहा आठवडे शिरेतून इंजेक्शने घ्यायची म्हणजे घरची चूल थंड! पण ब्रिटनमध्ये १०५४ प्रौढांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्याच्या आत शिरेतील औषध थांबवून योग्य गोळ्या दिलेल्यांत वर्षभरात १३.२ टक्के, तर शिरेतूनच औषध घेणाऱ्यांत १४.६ टक्के उपचार फसले. अर्थात गोळ्या कमी पडल्या नाहीत. आपल्याला गोळ्या चालतील का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको.

शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. शिधापत्रिका व आधार घेऊन योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्रास भेटावे. आपला उपचार यादीत बसतो की नाही ते तो सांगतो.