तोंडओळखीचं गणित

रामानुजन यांची गोष्ट आपण बहुतेक वेळा एका पत्रापासून सांगतो. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना लिहिलं, सोबत सूत्रांची पानं जोडली, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्याआधीची तीन वर्षं जास्त चकित करतात. दोन कॉलेजं पालथी घालूनही पदवी हाती न लागलेला, नुकतंच लग्न झालेला कुंभकोणमचा हा तरुण त्या कारकुनाच्या खुर्चीपर्यंत तरी पोचला कसा?

१९१० मध्ये रामानुजन तिरुकोइलूरला डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या दारात उभे राहिले. मागणं साधं होतं: तालुका कचेरीत कारकुनी. अय्यरांनी त्यांची वही चाळली आणि नोकरी द्यायचं साफ नाकारलं! असा माणूस महसूल खात्याच्या तळाशी कुजवायला त्यांचं मन धजेना. त्याऐवजी त्यांनी मद्रासमधल्या गणितप्रेमी स्नेह्यांच्या नावे पत्रं दिली. त्यांपैकी शेषू अय्यरांनी चिठ्ठी दिली ती नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांच्यासाठी. राव आधी साशंक होते. वहीतलं गणित समजावून घेतल्यावर मात्र स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये देऊ लागले. १ मार्च १९१२ ला रामानुजन बंदराच्या कचेरीत रुजू झाले, पगार ३० रुपये. तिथले वरिष्ठ नारायण अय्यर, तेही गणितातले.

योगायोग म्हणावा तर एकामागून एक इतके? इथे पुणेकरांनी कान टवकारावेत. याच रामस्वामी अय्यरांनी १९०७ मध्ये गणितप्रेमींची एक मंडळी जमवली होती. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. गावोगाव विखुरलेल्या प्राध्यापकांना आणि अधिकाऱ्यांना गणिताची परदेशी नियतकालिकं मिळत नसत. वर्गणी काढून ती मागवायची आणि टपालाने सभासदांत फिरवायची, असा बेत. ग्रंथालय होतं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. राव आणि नारायण अय्यर दोघेही या संस्थेचे पदाधिकारी. १९११ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात रामानुजननी वर्गमुळाच्या पोटात वर्गमूळ, त्याच्या पोटात आणखी एक, असं कधीच न संपणारं कोडं वाचकांना घातलं. सहा महिने कुणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनीच ते सांगितलं: ३.

म्हणजे ज्या धाग्यांवरून रामानुजन पुढे सरकले, ते टपालातून फिरणाऱ्या मासिकांनी विणलेले होते. नात्यागोत्याच्या मानाने किती विरळ!

असे विरळ धागेच जास्त कामाला येतात, हे मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने पुढे साठेक वर्षांनी मोजून दाखवलं. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या व्यावसायिकांना त्याने विचारलं, ही जागा कुणामुळे कळली? ‘मित्राकडून का?’ म्हटलं की लोक त्याची चूक सुधारत: मित्र नव्हे, नुसती ओळख. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत ज्याच्याशी वरचेवर भेट होते अशा माणसाचा हात होता जेमतेम १६.७ टक्के वेळा. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, क्वचितच भेटणारे २७.८. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने १९६९ मध्ये परत पाठवला होता. १९७३ मध्ये दुसरीकडे छापून आला आणि समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांत जाऊन बसला.

कारण ऐकलं की वाटतं, हे आपल्याला कसं सुचलं नाही! आपले जिवलग एकमेकांचेही जिवलग असतात. एकाच कट्ट्यावर बसतात, त्याच बातम्या चघळतात. त्यांना कळलेलं आपल्याला संध्याकाळपर्यंत कळतंच. तोंडओळखीचा माणूस वेगळ्या कट्ट्यावरचा असतो. त्याच्याकडची शिळी बातमीही आपल्याला ताजी.

२०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने याची प्रचंड मोठी परीक्षा घेतली. लिंक्डइनने दोन कोटींहून अधिक लोकांना ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या नावांत पाच वर्षं फेरफार करून पाहिले होते. निकाल ग्रॅनोव्हेटरच्या बाजूने लागला, पण एक मेख राहिली: सर्वांत पातळ ओळख सर्वांत उपयोगी ठरली नाही, मध्यम पातळ ठरली. चीनमधल्या तिआनजिन शहरात तर समाजशास्त्रज्ञ यानजिए ब्यान यांना उलटंच दिसलं. नोकऱ्या सरकार वाटत असे तिथे घट्ट नातंच चाले, कारण तिथे अडचण बातमीची नव्हती, शब्द टाकणाऱ्याची होती.

मला वाटतं, दोन्ही खरं आहे. बातमी पातळ धाग्यावरून येते; जामीन राहायला माणूस जवळचा लागतो, आणि तो सहवासातूनच तयार होतो. नारायण अय्यर रात्री-रात्री रामानुजनसोबत पाट्या घेऊन गणितं करत बसत. हाताखालच्या कारकुनाच्या मोठेपणाची त्यांना इतकी खात्री पटली, की ती त्यांनी बंदराचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांच्याही गळी उतरवली. साखळीतल्या प्रत्येकाने आपलं नाव पणाला लावलं, ते आधी वही पाहून. व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरणाऱ्यांच्या हातात ती वही नसते, एवढीच माझी कुरकुर.

साखळीवाचून नुसतं पत्र किती पोचतं, याचाही दाखला याच गोष्टीत आहे. हार्डींच्या आधी रामानुजननी केंब्रिजच्या बेकर आणि हॉब्सन यांना लिहिलं होतं. दोघांकडूनही काही निष्पन्न झालं नाही. हार्डींनी मात्र ओळखलं. पण ते हजारो मैलांवर. मद्रासमध्ये गोष्टी हलल्या त्या स्प्रिंगमुळे. फेब्रुवारी १९१३ मध्ये हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर बंदरात आले होते. स्वतः केंब्रिजचे गणिती. स्प्रिंगनी रामानुजनचं काम त्यांच्यापुढे ठेवलं. या क्षेत्रातला अधिकार आपला नाही हे मान्य करूनही वॉकरनी विद्यापीठाला शिफारस लिहिली, आणि पदवी नसलेल्या कारकुनाला संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली: दरमहा ७५ रुपये, बंदरातल्या पगाराच्या अडीचपट.