ओपीडीतल्या डॉक्टरसाठी काढलेलं नियतकालिक

मेंदूविकारांवरच्या नियतकालिकांची उणीव कधीच नव्हती. लंडनचं ‘ब्रेन’ १८७८ पासून निघतं, अमेरिकेतलं ‘न्यूरॉलॉजी’ १९५१ पासून. तरीही एडिंबराचे प्राध्यापक चार्ल्स वॉर्लो यांनी २००१ साली ‘प्रॅक्टिकल न्यूरॉलॉजी’ सुरू केलं. पक्षाघातावरच्या मोठमोठ्या चाचण्यांत वॉर्लो यांची हयात गेलेली, त्यामुळे संशोधनाची किंमत त्यांना कुणी सांगायला नको होती. पण वाचक म्हणून त्यांनी निवडला तो रोज रुग्ण तपासणारा न्यूरॉलॉजिस्ट.

शोधनिबंध एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर देतो. ओपीडीत बसलेल्या डॉक्टरला मात्र समोरच्या माणसाचं आज काय करायचं ते ठरवायचं असतं. बिघाड मेंदूत, मणक्यात की नसेत? एमआरआय लगेच हवा की थांबून चालेल? हे ज्ञान वरिष्ठांच्या मागे राउंड घेताना मिळतं आणि बहुधा कागदावर येतच नाही.

ते कागदावर आणायचं तर अडचणी खऱ्याच असतात. नव्या नियतकालिकाची नोंद पबमेडसारख्या सूचीत लगेच होत नाही. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात, त्यामुळे चांगला लेखक आपलं उत्तम काम नव्या ठिकाणी देत नाही. अशा वेळी संपादकाला टपालाची वाट पाहून भागत नाही. विषय ठरवायचा, त्यातला जाणकार गाठायचा आणि लेख हातात पडेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. ‘प्रॅक्टिकल न्यूरॉलॉजी’ उभं आहे ते अशा मागवून घेतलेल्या लेखांवर. एखादी तपासणी कशी करावी हे सांगणारं सदर त्यात आहे, दूरदेशीच्या डॉक्टरांची पत्रं आहेत, आणि स्वतःच्याच मेंदूविकाराबद्दल डॉक्टरांनी लिहिलेले अनुभवही आहेत. हे शेवटचं सदर मला फार मोलाचं वाटतं.

एडिंबराचेच न्यूरॉलॉजिस्ट जॉन स्टोन यांनी २००९ साली या नियतकालिकात ‘फंक्शनल’ लक्षणांवर, म्हणजे अवयवाला इजा नसताना त्याच्या कामातच होणाऱ्या बिघाडावर, लेख लिहिला. अशा रुग्णांत हूवरची खूण पाहतात. पाय लुळा पडल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून त्या पायाची टाच जमिनीवर दाबायला सांगितलं, तर जोर येत नाही. मग डॉक्टर लुळ्या मांडीखाली हात ठेवतात आणि चांगला पाय वर उचलायला सांगतात, दुसऱ्या हाताने तो दाबून धरत. त्याच क्षणी लुळी मांडी खालच्या हातावर घट्ट दाबली जाते. ताकद शाबूत आहे, पण मागितली की मिळत नाही. रुग्ण ढोंग करत नसतो. ही खूण त्यालाच दाखवून आजार समजावून सांगावा, असा स्टोन यांचा आग्रह आहे. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही हे करता येतं.

आज हे द्वैमासिक बीएमजे प्रकाशित करतं. वॉर्लो यांच्यानंतर फिल स्मिथ आणि जेरंट फुलर यांनी संपादन सांभाळलं. दोघेही रुग्ण पाहणारे न्यूरॉलॉजिस्ट.

आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी फिट, लकवा, चक्कर घेऊन माणूस पहिल्यांदा फिजिशियनकडे जातो, आणि न्यूरॉलॉजिस्ट कित्येकदा शंभर-दीडशे किलोमीटरवर असतो. म्हणून मुंबई-पुण्यातल्या ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्टांना विनंती आहे: राउंडवर विद्यार्थ्यांना जे सांगता, ते या फिजिशियनसाठी लिहून काढा, आणि जमेल तेवढं मराठीत लिहा.